हिमवादळात शाळा बंद ठेवावी लागली तर : सुट्टी, की घरून शाळा?

सस्क्वेहाना (धागाकर्ता)

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) पुढील शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकाचा मसुदा पालकांसमोर ठेवला आहे. हिमवादळासाठी राखून ठेवलेले सुट्टीचे दिवस कमी करावेत, त्याऐवजी 'फ्लेक्झिबल इन्स्ट्रक्शन डे' घ्यावेत, म्हणजे इमारत बंद असली तरी मुलांनी घरून अभ्यास करावा आणि तो दिवस शाळेच्या दिवसांत धरला जावा, असे त्यात सुचवले आहे. स्कूल बोर्डाच्या बैठकीत पालकांना तीनच मिनिटे बोलता येते. मला बोलायचे आहे. पण आपल्या घरापुरते पाहून बोलणे पुरेसे वाटत नाही, म्हणून हा धागा काढला.

भारतातील वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. येथे खराब हवामानामुळे शाळा बंद ठेवण्याचा निर्णय राज्य सरकार क्वचितच घेते. तो अधिकार डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटचा, म्हणजे प्रमुख अधिकाऱ्याचा असतो. वादळाच्या रात्री वाहतूक विभागाची माणसे पहाटे तीन-चारच्या सुमारास गाडी काढून रस्ते पाहून येतात, टाउनशिपच्या रस्ते विभागाला विचारतात की बर्फ काढणाऱ्या गाड्या कुठवर पोहोचल्या आणि बर्फ वितळवायचे मीठ कुठे टाकून झाले, शेजारच्या डिस्ट्रिक्टांशी फोनाफोनी होते, आणि पाच-साडेपाचच्या आत निर्णय करावाच लागतो, कारण हायस्कूलच्या बस त्यानंतर लवकरच निघतात. पालक खिडकीतून आपल्यासमोरचा स्वच्छ, ओला रस्ता पाहतात आणि शाळा का बंद म्हणून संतापतात. निर्णय मात्र त्या रस्त्यावरून होत नसून डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या एखाद्या चढावरून होतो, जिथे एकदा थांबलेली बस पुन्हा वर चढत नाही.

आजवर पर्याय तीन होते : शाळा वेळेवर, शाळा दोन तास उशिरा, किंवा शाळा बंद. २०१९ च्या कायद्याने आमच्या राज्यात चौथा आला. डिस्ट्रिक्टने राज्याच्या शिक्षण विभागाकडून आधी मंजुरी घेतली असेल, तर वर्षाला जास्तीत जास्त पाच दिवस असे घेता येतात. अभ्यास ऑनलाइनच असला पाहिजे असे बंधन नाही, कागदावरही चालतो. मात्र ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांचे काय आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचे काय, हे अर्जात लिहून द्यावे लागते.

माझा कल प्रस्तावाच्या विरोधात आहे, पण सरसकट विरोध करावा असेही वाटत नाही. आपापल्या राज्यात काय होते, ते लिहावे. ऐकीव माहितीपेक्षा नियम आणि अनुभव यांना प्राधान्य द्यावे, ही विनंती.


रारिटन

न्यू जर्सीत हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण कायदा स्पष्ट आहे. राज्याची मदत मिळवायची तर १८० दिवस शाळा भरली पाहिजे, आणि बर्फाच्या एखाद्या दिवशी घरून भरवलेली शाळा त्या १८० मध्ये धरली जात नाही. २०२० मध्ये कोविडच्या वेळी जो कायदा झाला, त्याप्रमाणे जाहीर झालेल्या आणीबाणीमुळे शाळा सलग तीनपेक्षा जास्त दिवस बंद ठेवावी लागली तरच दूरस्थ शिक्षणाचे दिवस मोजता येतात. एका रात्रीच्या आठ इंच बर्फासाठी ती सोय नाही.

त्यामुळे आमच्याकडे जुनीच पद्धत चालू आहे. वेळापत्रकात काही जादा दिवस धरून ठेवतात. बर्फ पडला नाही तर मे महिन्याअखेरच्या मेमोरियल डे या सुट्टीच्या आगेमागे ते सुट्टी म्हणून परत मिळतात. जास्त पडला तर वसंताची सुट्टी कातरली जाते किंवा जून लांबतो. कोणते दिवस आधी जातील, हे वेळापत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते न वाचताच आपण एप्रिलमधली भारताची तिकिटे काढतो. भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या एडिसनच्या बाजूला दर वर्षी मार्चमध्ये यावर हळहळ ऐकू येते.

२०१२ च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळ आले, तेव्हा वीज जाऊन अनेक ठिकाणच्या शाळा आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ बंद होत्या. दर नोव्हेंबरमध्ये शिक्षक संघटनेचे अधिवेशन असते आणि त्यासाठी गुरुवार-शुक्रवार शाळा बंद असतात. ते अधिवेशन त्या वर्षी रद्द झाले आणि कित्येक डिस्ट्रिक्टांनी ते दोन दिवस शाळा भरवून भरपाई केली. मुद्दा असा की आमच्याकडे भरपाई ही मुलांच्या आणि शिक्षकांच्या सुट्टीतूनच होते. ती खुपते, पण निदान हिशेब उघड्यावर असतो.


हडसनकाठी

न्यूयॉर्क राज्यातही १८० दिवसांचीच अट आहे, पण न्यूयॉर्क शहराने उलट मार्ग धरला. कोविडनंतर शहराने ठरवले की बर्फाची सुट्टी यापुढे नाही. इमारती बंद असतील त्या दिवशी शाळा घरून भरेल.

त्याची खरी परीक्षा १३ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. वादळाचा अंदाज आदल्या दिवशीच आला होता आणि निर्णयही आदल्या दिवशीच जाहीर झाला होता. तरी सकाळी आठच्या सुमारास लाखो मुले आणि शिक्षक एकाच वेळी लॉगिन करू लागले आणि प्रवेशाची यंत्रणाच कोलमडली. शहराचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख डेव्हिड बँक्स यांनी आयबीएमकडे बोट दाखवले, कारण लॉगिनची पडताळणी त्या कंपनीच्या यंत्रणेतून होत होती. काही तासांनी सुरळीत झाले, पण तोवर लहान मुलांच्या घरी सकाळ वाया गेली होती. सेंट्रल पार्कमध्ये बर्फ पडला तो जेमतेम तीन इंचांच्या आसपास.

यात आपल्या लोकांना माहीत असावा असा एक धागा आहे. शहराच्या शाळांच्या वेळापत्रकात गेल्या दशकात ईद आणि चांद्र नववर्ष या सुट्ट्या आल्या आणि २०२४ पासून दिवाळीचीही आली. त्या सुट्टीचा मला मनापासून आनंद आहे. पण वर्षाचे दिवस तेवढेच, कामगार करारामुळे शाळा कधी सुरू करायची आणि कधी संपवायची याला मर्यादा, आणि सणांच्या सुट्ट्या वाढत गेल्या की बर्फासाठी मोकळी जागा उरत नाही. लोक समजतात की बर्फाची सुट्टी तंत्रज्ञानाने खाल्ली. माझ्या मते ती वेळापत्रकाने खाल्ली. तंत्रज्ञान नंतर निमित्ताला आले.


शेंडेफळ

आमच्या मुलांची आदल्या रात्रीची तयारी : पायजमा उलटा घालून झोपणे, उशीखाली चमचा ठेवणे आणि संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडणे. असे केले की नक्की बर्फ पडतो, अशी इथल्या यच्चयावत पोरांची श्रद्धा आहे. घरून शाळा भरणार असेल तर हे सगळे कशासाठी करायचे, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. बोर्डाच्या बैठकीत हा मुद्दा जरूर मांडावा.


वर्गशिक्षिका

मी ओहायोमध्ये दुसरीच्या वर्गाला शिकवते. नियम आधी सांगते, मग वर्गात काय होते ते.

ओहायोने २०१४-१५ पासून दिवस मोजणे सोडून तास मोजायला सुरुवात केली. पूर्णवेळ किंडरगार्टन ते सहावीपर्यंत वर्षाला ९१० तास आणि सातवी ते बारावीपर्यंत १,००१ तास, हे किमान. बहुतेक डिस्ट्रिक्टांचे वेळापत्रक मुळातच यापेक्षा बरेच जास्त तासांचे असते. त्यामुळे चार-सहा दिवस बर्फात गेले तरी किमान तास भरतात आणि भरपाई करावीच लागत नाही. सस्क्वेहाना, आपल्या बोर्डाला विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, कारण पेनसिल्व्हेनियातही आता १८० दिवस किंवा तास (प्राथमिकला ९००, माध्यमिकला ९९०) असा पर्याय आहे. तास शिल्लक असतील, तर घरून शाळा भरवण्याची घाई नेमकी कोणाला आणि का आहे?

आता वर्गातले. तासांच्या आधीच्या काळापासून आमच्याकडे 'ब्लिझार्ड बॅग' नावाचा प्रकार होता. नोव्हेंबरमध्येच प्रत्येक मुलासाठी कागदी अभ्यासाचे पाकीट तयार करायचे. ठरावीक दिवसांपेक्षा जास्त बर्फ झाला की मुलांनी ते घरी सोडवून आणायचे. पाकीट महिनाभर आधी बनवलेले असल्यामुळे त्यात चालू धडा कधीच नसे. सात वर्षांच्या मुलाला उजळणीचे पंधरा कागद दिले की पहिले तीन सुवाच्य अक्षरात येतात, पुढचे पाच आईच्या देखरेखीखाली येतात, आणि शेवटच्या कागदांवरची बेरीज इतकी बिनचूक असते की ती कोणी केली, हे न विचारलेलेच बरे.

ऑनलाइन दिवशी निराळे. नऊ वाजता मी पडद्यावर येते. तेवीसपैकी चौदा-पंधरा चेहरे दिसतात. एकाचा आवाज बंद आहे आणि तो जिवाच्या आकांताने काहीतरी सांगतो आहे. एकीच्या मागे धाकटा भाऊ पलंगावर उड्या मारतो आहे. एक मुलगा आजोबांच्या घरी आहे आणि आजोबांना पासवर्ड ठाऊक नाही. दोघे खिडकीतून बाहेर पाहत आहेत, कारण शेजारची मुले घसरगाडी घेऊन निघाली आहेत. वाचनाचा वीस मिनिटांचा पाठ होतो, तोही चांगला होतो. पण त्याला शाळेचा दिवस म्हणणे माझ्या जिवावर येते. आणि माझी स्वतःची दोन मुले त्याच वेळी पलीकडच्या खोलीत आपापल्या बाईंच्या पडद्यासमोर बसलेली असतात, हे कोणत्याच नियमावलीत लिहिलेले नाही.

आठवीच्या पुढे मात्र चित्र बदलते. माझ्या हायस्कूलमधल्या सहकाऱ्यांचे दिवस बऱ्यापैकी होतात. सगळ्या इयत्तांना एकच नियम लावणे, ही या प्रस्तावांतली सर्वांत मोठी चूक आहे असे मी मानते.


पोटोमॅक

मी प्रस्तावाच्या बाजूने लिहितो, कारण आतापर्यंत कोणी लिहिलेले नाही.

जानेवारी २०१६ मध्ये वॉशिंग्टनच्या परिसरात मोठे हिमवादळ झाले. उत्तर व्हर्जिनियातल्या आमच्या भागात शाळा जवळजवळ संपूर्ण आठवडा बंद राहिल्या. रस्ते तिसऱ्या दिवशी वापरण्याजोगे झाले होते. अडचण होती ती पदपथांची आणि बसथांब्यांची, कारण रस्त्यावरचा बर्फ ढकलून त्यांचेच डोंगर केले होते आणि मुलांना उभे राहायला जागा नव्हती. तो सारा आठवडा हायस्कूलच्या मुलांनी काहीही केले नाही. मे महिन्यातल्या एपी परीक्षांची (हायस्कूलमध्ये शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षांची) तारीख आपल्याकडे बर्फ पडला म्हणून पुढे जात नाही, ती देशभर एकच असते. टेक्सासचा विद्यार्थी तोच अभ्यासक्रम आठवडा जास्त शिकून बसतो. अशा वेळी रोज तीन तास जरी वर्ग झाले असते तरी मला चालले असते.

व्हर्जिनियात आता वर्षाला दहा दिवसांपर्यंत असे अनियोजित दूरस्थ दिवस घेता येतात. आमच्याकडेही १८० दिवस किंवा ९९० तास असा हिशेब असल्यामुळे बरेच डिस्ट्रिक्ट आधी शिल्लक तास वापरतात आणि ते संपत आले की मगच घरून शाळा भरवतात. पहिले काही दिवस निखळ सुट्टी आणि बंद लांबली तर अभ्यास, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

उलट चूकही आमच्याकडे झालेली आहे. ६ जानेवारी २०१५ रोजी फेअरफॅक्स काउंटीने बर्फ पडत असताना शाळा वेळेवर उघडल्या. बस अडकल्या, गाड्या घसरल्या, आणि काउंटीला पालकांची जाहीर माफी मागावी लागली. तेव्हापासून इथले अधिकारी जरा शंका आली की शाळा बंद करतात. घरून शाळा भरवण्याची सोय हाताशी असली की बंद करणे आणखी सोपे होते, हा धोका मी मान्य करतो.


उणे_तीस

मिनेसोटातून. आमच्याकडे बर्फापेक्षा थंडीने शाळा बंद होतात, ही गोष्ट दक्षिणेकडच्या मंडळींना सांगूनही खरी वाटत नाही. तापमान शून्य फॅरनहाइट असताना ताशी पंधरा मैलांचा वारा सुटला की अंगाला ते उणे १९ सारखे जाणवते आणि उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो, असे राष्ट्रीय हवामान सेवेचे कोष्टक सांगते. बस वीस मिनिटे उशिरा आली तर थांब्यावरचे मूल त्या मर्यादेच्या जवळ पोहोचते. आणि अशा दिवशी बस हमखास उशिरा येते, कारण डिझेल घट्ट होऊ लागते आणि बॅटऱ्या मान टाकतात. ६ जानेवारी २०१४ रोजी गव्हर्नर मार्क डेटन यांनी केवळ थंडीमुळे राज्यभरातल्या सर्व सरकारी शाळा बंद ठेवण्याचा आदेश दिला होता. असा राज्यव्यापी आदेश त्याआधी सतरा वर्षांत निघाला नव्हता.

राज्याच्या कायद्यात २०१७ पासून 'ई-लर्निंग डे' आहे. मर्यादा पाच दिवसांची. त्यातल्या दोन अटी मला महत्त्वाच्या वाटतात. पालकांना शाळेच्या नेहमीच्या वेळेच्या किमान दोन तास आधी कळवावे लागते, आणि शिक्षकांनी शाळेच्या नेहमीच्या वेळेत फोनवर आणि ऑनलाइन उपलब्ध असावे लागते. म्हणजे सकाळी अभ्यास टाकून शिक्षक मोकळे, असे चालत नाही. शिवाय ही योजना शिक्षक संघटनेशी सल्लामसलत करून आखावी लागते. आपल्या बोर्डाच्या मसुद्यात अशा अटी आहेत का, ते पाहा. नसतील तर तीन मिनिटांतली दोन मिनिटे त्यांवरच खर्च करा.


पीचट्री

अटलांटाचे कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितो. आमच्याकडे बर्फ मोजायला इंचपट्टीचे पहिले दोन आकडे पुरतात, पण शाळा कधी बंद कराव्यात याचा सर्वांत महागडा धडा याच शहराला मिळाला.

२८ जानेवारी २०१४ रोजी दुपारी बर्फ सुरू झाला तेव्हा शाळा, सरकारी कार्यालये आणि खासगी कंपन्या यांनी जवळजवळ एकाच वेळी सर्वांना घरी सोडले. रस्त्यांवर मीठ टाकलेले नव्हते. लाखो गाड्या एकदम बाहेर पडल्या, त्यांच्या चाकांखाली बर्फ वितळून पुन्हा गोठला, आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकल्या. हजारो मुलांनी ती रात्र शाळांत काढली, कित्येक स्कूल बस रात्री उशिरापर्यंत हमरस्त्यांवर उभ्या होत्या, आणि नॅशनल गार्डला बोलवावे लागले. पडलेला बर्फ होता दोन-अडीच इंच. शाळांतल्या मुलांना शिक्षकांनी आणि स्वयंपाकघरातल्या बायकांनी व्यायामशाळेच्या गाद्यांवर झोपवले आणि असेल ते शिजवून घातले.

त्यानंतर इथे उंबरठा फार खाली आला. अंदाजात 'गोठणारा पाऊस' हे शब्द दिसले की आदल्या संध्याकाळीच निर्णय होतो. ग्विनेट काउंटीसारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये अशा दिवशी 'डिजिटल लर्निंग डे' असतो. मला त्याचा मोठा फायदा वाटतो तो शिक्षणाचा नाही, निर्णयाचा. बंद केल्यास दिवस वाया जाणार ही टांगती तलवार सुपरिंटेंडंटच्या डोक्यावरून गेली की तो सावधपणे, वेळेत आणि धीटपणे निर्णय घेतो. शाळा अर्ध्यातून सोडणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. न उघडणे परवडले.


माहीमकर

शेवटच्या वाक्याला मुंबईतून दुजोरा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक शाळांतली मुले रात्रभर वर्गातच राहिली. जी दुपारी सोडली गेली, त्यांचे हाल जास्त झाले.

आता इथे हवामान खात्याचा लाल इशारा आला की महापालिका किंवा जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात. पण वेळेचा घोळ कायम आहे. ८ जुलै २०२४ रोजी मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला आणि सकाळच्या सत्राची सुट्टी जाहीर होईपर्यंत बरीच मुले दप्तर घेऊन घराबाहेर पडली होती. भरपाईबद्दल फारसे कोणी बोलत नाही. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १,००० तास असे किमान आहे, पण पावसाचा दिवस कुठे भरून काढला हे पालकांना सहसा कळवले जात नाही. खासगी शाळा एखादा शनिवार भरवतात, काही ऑनलाइन वर्ग घेतात. पालिकेच्या शाळेतल्या मुलाच्या घरात एकच फोन असतो आणि तो वडील कामावर घेऊन गेलेले असतात.


सस्क्वेहाना

सर्वांचे आभार. वर्गशिक्षिका यांनी सुचवल्याप्रमाणे आमच्या डिस्ट्रिक्टचे एकूण तास मोजून पाहिले. प्राथमिक शाळांचे तास किमानापेक्षा बरेच जास्त आहेत, हायस्कूलचे थोडेसेच जास्त आहेत. मसुद्यात ही आकडेवारी कुठेही दिलेली नाही.

दोन गोष्टींविषयी आणखी माहिती हवी आहे : विशेष शिक्षण घेणारी मुले, आणि तासांवर पगार मिळणारे कर्मचारी.


अनुपालक

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकते. माझ्या मुलाला आयईपी आहे, म्हणजे त्याला शाळेत कोणत्या सेवा किती मिनिटे मिळतील याचा लेखी आराखडा आहे आणि संघराज्याच्या कायद्याने तो शाळेवर बंधनकारक आहे. त्याच्याबरोबर दिवसभर एक साहाय्यक असते, आठवड्यातून ठरावीक वेळ वाचा-उपचार आणि हातांच्या हालचालींसाठी उपचार असतो. वाचा-उपचार पडद्यावरून काही प्रमाणात होतो. हातांचा उपचार होत नाही, कारण उपचारकाने मुलाचे मनगट धरायचे असते. साहाय्यकाचे काम त्या दिवशी मीच करते.

निखळ सुट्टी दिली की तो दिवस पुढे कधीतरी शाळेत भरून निघतो आणि त्याच्या सेवाही त्याबरोबर मिळतात. दूरस्थ दिवस मोजला गेला की कागदावर सेवा दिली असे होते. ती भरून द्या अशी मागणी पालकाने करता येते, पण त्यासाठी कोणत्या दिवशी काय मिळाले नाही याची नोंद स्वतः ठेवावी लागते आणि बैठक मागावी लागते. ज्यांना इंग्रजी नीट येत नाही किंवा कामावरून सुटता येत नाही, ते पालक हे करत नाहीत. आमच्या डिस्ट्रिक्टने 'जिथे शक्य तिथे' असा शब्दप्रयोग केला होता. तो मसुद्यात दिसला तर त्यावर बोट ठेवा.


रारिटन

दुसऱ्याबद्दल : बसचालक आणि शाळेच्या उपाहारगृहातल्या बायका यांना बहुतेक ठिकाणी तासांवर पगार असतो. सुट्टीचा दिवस जूनमध्ये भरून निघाला की त्यांचा रोजही भरून निघतो. दूरस्थ दिवसाला बस धावत नाही आणि जेवण बनत नाही. करारात तरतूद नसेल तर तो रोज कायमचा गेला. आणि जेवणाचे म्हणाल तर शाळेत मोफत न्याहारी आणि दुपारचे जेवण घेणाऱ्या मुलांसाठीही हाच हिशेब आहे. हे बोर्डाच्या अर्थसंकल्पात बचत म्हणून दिसते, हे लक्षात ठेवा.


लोनस्टार

टेक्सासमध्ये तर मिनिटे मोजतात, वर्षाला ७५,६००. दिवस दहा मिनिटांनी लांबवून ठेवला की खराब हवामानाचे दोन दिवस आरामात निघतात, आणि पालकांना त्या दहा मिनिटांचा पत्ताही लागत नाही.

दूरस्थ शाळेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी फेब्रुवारी २०२१ आठवावा. त्या वेळी कोविडमुळे निम्मी मुले तशीही घरूनच शिकत होती, म्हणजे तयारीची काहीच उणीव नव्हती. हिमवादळात राज्याची वीजयंत्रणा ढासळली, लाखो घरांत ऐन थंडीत वीज नव्हती, नळ गोठून फुटले. शाळांनी इमारती बंद केल्याच, पण ऑनलाइन वर्गही रद्द केले. भुसभुशीत बर्फाचा दिवस आणि गोठणाऱ्या पावसाचा दिवस यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात तारांवर बर्फाचा थर चढतो आणि वीज जाते. ज्या दिवशी शाळा बंद ठेवणे सर्वांत जास्त गरजेचे असते, त्याच दिवशी घरून शाळा भरवणे सर्वांत अवघड असते. आपल्या बोर्डाला विचारा : घोषणा केल्यावर वीज गेली तर गैरहजेरी कोणाची?


बे_स्टेट

मॅसॅच्युसेट्सचे थोडक्यात. आमच्याकडेही ब्लिझार्ड बॅग होत्या. राज्याच्या शिक्षण विभागाने २०१९ मध्ये त्या बंद करायचे ठरवले, कारण सर्व मुलांना समान संधी मिळते याची खात्री देता येत नव्हती. आता १८५ दिवसांचे वेळापत्रक आखायचे आणि १८० भरवायचे, एवढाच नियम आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच बर्फ पडला, तो विक्रम आहे, आणि त्या वर्षी शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या. वातानुकूलन नसलेल्या जुन्या इमारतींत जूनच्या उकाड्यात काय शिक्षण झाले असेल, याची कल्पना करा. जूनचा तो दिवस पवित्र आणि फेब्रुवारीचा ऑनलाइन दिवस खोटा, असे मला म्हणवत नाही.


वर्गशिक्षिका

बे_स्टेट यांचा मुद्दा रास्त आहे. जूनच्या अखेरच्या आठवड्यात मीही चित्रपट दाखवलेले आहेत. तरी त्या दिवशी तेवीसच्या तेवीस मुले माझ्यासमोर असतात, सर्वांना दुपारचे जेवण मिळते, आणि अनुपालक यांच्या मुलासारख्या मुलांचे उपचार होतात. चित्रपट दाखवणे ही माझी चूक, ती सुधारता येते.


सस्क्वेहाना

बैठकीत पुढील मागणी मांडावी असे ठरवले आहे. हिवाळ्यातले पहिले तीन दिवस निखळ सुट्टी असावी. त्यानंतर दूरस्थ दिवस घ्यायचा तर तो सातवीपासून पुढे. खालच्या इयत्तांचे तास शिल्लक आहेत, त्यांना सुट्टीच द्यावी. वीज गेलेल्या घरातल्या मुलाची गैरहजेरी मांडू नये. विशेष शिक्षणाच्या न मिळालेल्या सेवांची नोंद पालकाने नव्हे, शाळेने ठेवावी आणि महिन्याभरात भरपाईचे वेळापत्रक द्यावे. तासांवर पगार असलेल्यांचा रोज बुडू नये. यात काही राहिले असल्यास कृपया सांगावे.


उणे_तीस

एक राहिले. बसचा निर्णय पहाटे पाच वाजता होतो, पण क्रोमबुक (शाळेने दिलेला लॅपटॉप) घरी न्यायचे की नाही हा निर्णय आदल्या दुपारी शाळा सुटण्याआधी व्हावा लागतो. आमच्याकडे थंडीच्या लाटेचा अंदाज दोन दिवस आधी येतो, त्यामुळे निभावते. पेनसिल्व्हेनियात रात्रीतून वादळाची दिशा बदलते. सातवीची मुले रोज उपकरण घरी नेतात, की ते वर्गातल्या कपाटात चार्जिंगला ठेवतात, हे आधी शाळेत विचारून घ्या.